ट्रकखालचा म्यू

अफवा मूर्खांनाच भुलवते, असे आपण मोठ्या तोऱ्याने म्हणतो. ‘पोकेमॉन’ हा जपानी व्हिडिओ गेम १९९८ साली अमेरिकेत आला, तेव्हा मुलांमध्ये कर्णोपकर्णी वार्ता पसरली: बंदरातला ट्रक ढकला, खाली ‘म्यू’ हा दुर्मिळ प्राणी सापडेल! ट्रक होता, खाली काहीच नव्हते. मग ही वार्ता टिकली कशी?

एक तर पडताळा महाग होता. पाणी ओलांडून ट्रकापर्यंत जाण्याची विद्या हाती येईतो बंदरातले जहाज सुटून गेलेले असे. खात्री करायची तर बहुधा खेळ पहिल्यापासून मांडावा लागे. दुसरे असे की, म्यू खरोखरच खेळात होता. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरने तो अगदी शेवटी गुपचूप घातला होता; सरळ खेळून तो मिळत नसे, इतकेच. म्हणजे मुलांचा संशय खरा, पत्ता खोटा!

अफवेचे बळ असे अर्धसत्यात आणि न परवडणाऱ्या शहानिशेत असते. तेव्हा अफवेवर विश्वास ठेवणाऱ्याला हसण्यापूर्वी, खरे-खोटे करून पाहण्याची सोय त्याला होती का, एवढे तरी आपण विचारावे.