चिखलदऱ्याच्या कॉफीबागांत, आपल्या चालीने

दिवाळी सरली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : ‘डॉक्टर, आईला थंड हवेच्या ठिकाणी न्यावे का?’ प्रश्न मुलगा किंवा सून विचारते; आई मात्र शेजारी गप्प बसून उत्तराची वाट पाहत असते. या वेळी अशाच एका ठिकाणाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करू.

कोलंबियातील अँडीज पर्वताच्या कुशीतले कॉफीमळे आणि तिथली लहान गावे यांना युनेस्कोने २०११ मध्ये जागतिक वारशाचा मान दिला. तितक्या दूर जाणे सर्वांना शक्य नाही. परंतु डोंगर, गावे आणि कॉफी यांचा मेळ आपल्या महाराष्ट्रातही आहे. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या अरण्याला लागून, सुमारे १,१०० मीटर उंचीवर चिखलदरा वसले आहे. राज्यातील कॉफीची लागवड म्हटली की याच गावाचे नाव पुढे येते. विरळ सावलीत वाढणारी ती झुडपे उन्हाळ्याच्या तोंडी पाऊस शिंपडून गेला की पांढऱ्या फुलांनी भरतात आणि मोगऱ्यासारखा गंध दरवळतो. हिवाळ्यात त्यांवर लालचुटूक फळे पिकतात. जवळच गाविलगडचा प्राचीन किल्ला, सभोवती कोरकूंची गावे, आणि कड्यावरून दिसणाऱ्या खोल दऱ्या. हे सारे पाहण्यास धावपळ लागत नाही. बाकावर बसूनही बरेच दिसते.

आता वैद्यकीय बाजू. उंचीची धास्ती बाळगू नये. उंचीवरच्या विरळ हवेचा आजार साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे उद्भवतो. मात्र घरी ऑक्सिजन घेणारे, चार पावलांत दम लागणारे, किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका अथवा शस्त्रक्रिया झालेले यांनी आपल्या डॉक्टरांच्या संमतीवाचून निघू नये.

खरी कसोटी प्रवासाची आहे. मुंबईहून अमरावतीला रात्रभराची रेल्वेगाडी आहे. मुलुंड-घाटकोपरकरांना ठाणे, तर अंधेरी-बोरिवलीकरांना दादर सोयीचे. त्यापुढे रस्त्याने ८०-८५ किलोमीटर, आणि परतवाड्यानंतर वळणावळणाचा घाट. गाडीतून उतरल्याबरोबर घाट चढू नये. अमरावतीत एक दिवस विश्रांती घ्यावी. तास-दीड तासाने वाहन थांबवून चार पावले चालावे, अन्यथा पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वांतीवरच्या गोळ्या वृद्धांनी स्वतःहून घेऊ नयेत. त्यांपैकी काहींमुळे गुंगी येते, तोल जातो, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडते आणि क्वचित भ्रमही होतो.

एक चूक मी वारंवार पाहतो. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या संकोचाने ज्येष्ठ मंडळी पाणी पिणे सोडतात आणि लघवी वाढवणारी गोळी परस्पर बंद करतात. घाटकोपरच्या माझ्या एका ७४ वर्षांच्या रुग्ण आजींनी एका सहलीत दोन दिवस ती गोळी टाळली. पाय सुजले, रात्री आडवे झाले की दम लागू लागला. तरीही त्या गप्प राहिल्या. कारण विचारता म्हणाल्या, ‘सांगितलं असतं, तर पुन्हा कुठं नेलं नसतं.’ हे वाक्य प्रत्येक घराने मनावर घ्यावे. गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते. गोळी टाळता येत नाही.

इन्सुलिन उष्णतेपासून जपावे, पण बर्फाला चिकटवून ठेवू नये. जेवणास उशीर होतोच, म्हणून मधुमेहींच्या खिशात साखर हवी. हिवाळ्यातील पहाटेची थंडी रक्तदाब वाढवते. ऊन वर आल्यावरच बाहेर पडावे. औषधांची यादी व जुना ईसीजी जवळ ठेवावा. अरण्यात सर्वत्र मोबाइल लागत नाही, मोठी रुग्णालये अमरावतीत आहेत. १०८ ही रुग्णवाहिका सेवा लक्षात असावी, आणि छातीत दुखल्यास ‘सकाळी पाहू’ म्हणू नये.

आणि कॉफी? अवश्य प्यावी. एखाद-दुसरा पेला बहुतेकांना बाधत नाही. सवय नसलेल्यांचा रक्तदाब काही काळ वाढू शकतो, म्हणून पेला लहान असावा. थायरॉइडची गोळी घेतल्यावर तासभर थांबावे. लोहाची गोळीही कॉफीबरोबर नको. दुपारी तीननंतर घेतलेली कॉफी रात्रीची झोप पळवते.

‘आईला झेपणार नाही’ हे वाक्य प्रेमापोटी येते, परंतु त्याचीही किंमत असते. घर, गॅलरी आणि दवाखाना एवढ्यावरच जग थांबले की पायांची शक्ती आणि मनाची उभारी दोन्ही ओसरतात. यासाठी निघण्यापूर्वी घरात एक करार व्हावा. ज्येष्ठांनी दुखणे लपवायचे नाही. आणि मुलांनी दुखणे सांगितल्याची शिक्षा म्हणून पुढचा प्रवास रद्द करायचा नाही. फार तर पल्ला कमी करावा, मुक्काम वाढवावा. चारपैकी दोनच ठिकाणे पाहून झाली, तरी सहल पूर्ण झाली असे मानावे.