दुकान हलवताना कारागिरांचे काय?

वर्तमानपत्र इंटरनेटवर न्यायचे म्हणून माणसे कमी करावी लागतात, असे मालकवर्ग हल्ली सर्रास सांगतो. आपल्यासारख्या धंदेवाल्यांनी हे कारण पारखून घेतले पाहिजे. उद्या तेच आपल्या मागावरही ऐकू येईल.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचे 'टाइम्स-पिकायून' हे दैनिक १८३७ चे. पिकायून म्हणजे सव्वासहा सेंटचे जुने नाणे. तीच अंकाची पहिली किंमत. २००५ च्या कतरिना वादळात शहर बुडाले, छपाई थांबली, तेव्हा याच लोकांनी तीन दिवस अंक केवळ इंटरनेटवर काढला. त्या कामाबद्दल २००६ मध्ये दोन पुलित्झर पारितोषिके मिळाली. तेव्हा हे कामगार नव्या तंत्राला बिचकत होते, असे कोणी म्हणू नये.

तरीही मे २०१२ मध्ये मालक 'ॲडव्हान्स' कंपनीने जाहीर केले की, यापुढे अंक आठवड्यातून तीनच दिवस छापला जाईल, बाकी इंटरनेटवर. सुमारे दोनशे जणांना नारळ मिळाला. बातमीदारांच्या खात्यातील जवळपास निम्मे लोक त्यात होते.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. गिऱ्हाईक सवयीने येते. रोज उघडणारे दुकान तीन दिवसांवर आणले की उरलेल्या दिवशी ते शेजारच्या दुकानाची पायरी चढते. झालेही तसेच. २०१२ मध्येच बॅटन रूजच्या 'ॲडव्होकेट'ने न्यू ऑर्लिन्ससाठी रोजची आवृत्ती सुरू केली. २०१३ मध्ये ते पत्र जॉन जॉर्जेस यांनी विकत घेतले. त्यांच्या घराण्याचा धंदा किराणा मालाच्या घाऊक पुरवठ्याचा! त्याच वर्षी 'टाइम्स-पिकायून'ला बाकीच्या दिवशी लहान आकाराचा अंक काढावा लागला. शिवाय छापील जाहिरातीइतके पैसे इंटरनेटवरील जाहिरात देत नाही, हे वेगळेच. अखेर २०१९ मध्ये जॉर्जेस यांनीच ते पत्र खरेदी केले आणि १६१ जणांना नोटिसा मिळाल्या. दोन्ही वेळा घडी बसवली मालकांनी, उपाशी राहिली ती हाताची माणसे.

उर्दू शाळेत शिकलेल्या माझ्या पिढीला कातिब आठवत असतील. बोरूने नस्तालिक लिहायला त्यांची वर्षे जात. १९९४ मध्ये 'इनपेज' आले आणि तेच काम संगणकावर होऊ लागले. वळणाची जाण कातिबाकडेच होती, पण कितीजणांना कोणी संगणकापुढे बसवून शिकवले?

मशीन येऊ नये असे माझे म्हणणे नाही. आमच्या कापडातही विनाधोट्याचे माग आलेच आहेत. परंतु नव्या मागाचा सौदा करताना आपण मशीन, जागा, वीज, व्याज सगळे मांडतो. त्याच कागदावर जुन्या कारागिरांपैकी किती जणांना शिकवणार, शिकताना त्यांना मजुरी काय देणार आणि जे जातील त्यांचा हिशेब किती दिवसांत चुकता करणार, हेही सौदा होण्यापूर्वी लिहिले जावे.