लेख दुसरीकडे जरूर द्यावा, पण अटी घालून

ब्लॉगवर आलेला लेख दुसऱ्या संकेतस्थळाला देऊ नये, दिला तर गूगल शिक्षा करतं आणि सगळा ब्लॉगच शोधात मागे पडतो, असं मराठीत लिहिणाऱ्यांना सर्रास सांगितलं जातं. सांगणाऱ्यांत एसईओची, म्हणजे संकेतस्थळ शोधात वर आणायची, कामं घेणारे आहेत, ब्लॉगलेखनाच्या कार्यशाळा भरवणारे आहेत आणि हल्ली संपादकही आहेत. एका पोर्टलच्या संपादकांनी माझा लेख परत पाठवताना हेच कारण दिलं: आधी ब्लॉगवर आलेला मजकूर घेतला तर तुमचंही नुकसान आणि आमचंही. हा समज मुळातून खोडून काढायला हवा, कारण त्याच्या धाकाने कष्टाने लिहिलेले लेख मूठभर वाचकांपुढे पडून राहतात.

सप्टेंबर २००८ मध्ये गूगलच्याच अधिकृत ब्लॉगवर सुझन मॉस्कवा यांनी स्पष्ट लिहिलं होतं की लोक समजतात तसा दुबार मजकुराबद्दलचा दंड अस्तित्वात नाही. डिसेंबर २०१३ मध्ये गूगलचे मॅट कट्स यांनी सांगितलं की वेबवरचा पंचवीस ते तीस टक्के मजकूर या ना त्या स्वरूपात दुबारच आहे. आपल्याकडे पीटीआयची एकच बातमी रोज कितीतरी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर शब्दशः येते. त्या प्रत्येकाला दंड होत असता, तर बातम्यांचं एकही संकेतस्थळ शोधात दिसलं नसतं.

प्रत्यक्षात होतं ते असं. एकच मजकूर असलेली पानं गूगल एका गटात घालतं, त्यांतलं एक प्रातिनिधिक म्हणून निवडतं आणि शोधणाऱ्याला बहुधा तेवढंच दाखवतं. बाकीची पानं त्या शोधापुरती मागे राहतात. त्यांच्या संकेतस्थळावर ठपका येत नाही. तुमच्या ब्लॉगवरचे इतर लेख जिथे होते तिथेच असतात.

मग ही भीती आली कुठून? फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने शोधपद्धतीत ‘पांडा’ नावाचा बदल केला आणि अमेरिकेतल्या सुमारे बारा टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. जाहिरातींसाठी ढिगाने निकृष्ट मजकूर पाडणारी संकेतस्थळं त्यात कोसळली. त्यांतल्या अनेकांकडे उचललेला मजकूर होता. तेव्हापासून ‘मजकूर पुन्हा आला की पांडा धरतो’ हे तोंडोतोंडी पसरलं. दुसऱ्यांचे लेख सरसकट उचलून, स्वतःची काहीही भर न घालता संकेतस्थळ चालवणं गूगलच्या नियमांत आजही स्पॅम ठरतं आणि त्यावर कारवाईही होते. ती उचलणाऱ्यावर होते. स्वतःचा लेख राजीखुशीने दुसऱ्याला देणाऱ्या लेखकाला ते कलम लागू नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग बिनधास्त द्यावा, खाली ‘साभार’ लिहून ब्लॉगची लिंक टाकली की झालं. हा दुसरा पक्षही मला मान्य नाही, उलट तो अधिक नुकसान करतो. दंड नसला तरी निवड आहे, आणि निवडीत लहान ब्लॉग हरू शकतो. गूगलचा पानं वाचत फिरणारा बॉट मोठ्या पोर्टलवर दिवसभर येत-जात असतो, तुमच्या ब्लॉगकडे कित्येक दिवस फिरकतही नाही. लेख आधी कोणी प्रसिद्ध केला, एवढ्यावरच प्रातिनिधिक पान ठरत नाही. पोर्टलला शेकडो ठिकाणांहून लिंक असतात, तुमच्या पानाला चार. परिणामी लेख तुमचा, आणि शोधात पान त्यांचं. तळाशी दिलेली लिंक ब्लॉगच्या मुखपृष्ठाला असेल, तर मूळ लेख नेमका कोणता हेसुद्धा त्यातून कळत नाही. लिंक द्यायची ती त्याच लेखाला.

यावरचा उपाय २००९ पासून उपलब्ध आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ‘कॅनॉनिकल’ ही खूण स्वीकारली: पानाच्या कोडमध्ये, हेड भागात, एक ओळ लिहायची आणि तीत मूळ पानाचा पत्ता द्यायचा. डिसेंबरमध्ये ती खूण एका संकेतस्थळावरून दुसऱ्याकडे बोट दाखवण्यासाठीही चालू लागली. मात्र ती आज्ञा नाही, सूचना आहे. गूगल ती बाजूला सारू शकतं. पुनर्प्रसिद्धीत ती पुष्कळदा बाजूला सारली जाते, कारण पोर्टलचं पान म्हणजे लेखाभोवती त्यांचा मेनू, संबंधित बातम्या, जाहिराती, बदललेला मथळा. दोन पानं एकसारखी दिसतच नाहीत. म्हणूनच २०२३ मध्ये गूगलने मार्गदर्शन बदललं: पुनर्प्रसिद्धीसाठी कॅनॉनिकलवर विसंबू नका, लेख घेणाऱ्याने आपलं पान ‘नोइंडेक्स’ करावं. नोइंडेक्स केलेलं पान वाचकाला नेहमीसारखं वाचता येतं, फक्त शोधाच्या निकालात येत नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. लेख आधी आपल्या ब्लॉगवर टाकावा आणि गूगलने तो नोंदवल्याची खात्री करावी. त्यासाठी गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पत्ता तपासायची सोय आहे. मग दुसरीकडे देताना नोइंडेक्स मागावं. ते नाकारलं तर कॅनॉनिकल मागावं. दोन्हीला नकार असेल तर पूर्ण लेख देऊच नये; सुरुवातीचे दोन-तीन परिच्छेद द्यावेत आणि पुढे ब्लॉगची वाट दाखवावी. मीडियमवर ‘इम्पोर्ट’ची सोय वापरून लेख नेला तर मूळ पत्त्याचं कॅनॉनिकल आपोआप लागतं, सरळ चिकटवला तर लागत नाही. लिंक्डइनवर लेखकाला तशी खूण लावता येत नाही, तिथे अंशच बरा.

आणि दिलेला शब्द पाळला गेला का, हे स्वतः पाहावं. त्यासाठी तंत्रज्ञ लागत नाही. पोर्टलवरचं पान संगणकावर उघडा, कंट्रोल आणि यू दाबा. कोडचा मजकूर समोर येईल, त्यात नोइंडेक्स किंवा कॅनॉनिकल शोधा. कॅनॉनिकलपुढे तुमच्या लेखाचा पत्ता हवा; पुष्कळदा तिथे पोर्टलचा स्वतःचाच पत्ता असतो, कारण त्यांची प्रणाली तो न विचारता घालते. काही दिवसांनी लेखाच्या मधलं एखादं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा. वर पत्ता कोणाचा येतो ते बघा. पोर्टलचा आला तर स्क्रीनशॉट काढून संपादकांना पाठवा आणि दुरुस्ती करून घ्या. ही चिकाटी लेखकाने दाखवायलाच हवी.

मराठी लेखनाला पुनर्प्रसिद्धी परकी नाही. आगरकरांचे केसरीतले निबंध पुढे पुस्तकरूपाने आले आणि आज आपण ते पुस्तकातूनच वाचतो. वर्तमानपत्राच्या त्या अंकांवरच ते थांबले असते तर आपल्यापर्यंत किती पोचले असते? वेबवरही जाणत्या संस्थांनी हेच केलं आहे. न्यूयॉर्कची प्रोपब्लिका ही शोधपत्रकारितेची संस्था आपल्या बहुतेक बातम्या फुकट घेऊ देते, त्या पानाचं नावच ‘आमच्या बातम्या चोरा’ अशा अर्थाचं आहे. पण अटी पक्क्या: श्रेय द्या, लिंक द्या, मजकूर बदलू नका, आणि कॅनॉनिकल वापरत असाल तर पत्ता आमचा घाला. उदारपणा आणि काटेकोरपणा एकत्र नांदू शकतात, हे त्यातून दिसतं.

अटी लेखी हव्यात, याला कायद्याचाही आधार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. हक्क दिल्यानंतरही लेखक म्हणून आपलं नाव मागण्याचा अधिकार कलम ५७ खाली उरतोच. पोर्टलला हस्तांतरणाची गरजही नसते, एका लेखापुरती बिनएकाधिकार परवानगी पुरते. ‘सर्व हक्क आमच्याकडे’ असं छापील पत्र आलं तर ती ओळ खोडून परत पाठवावी. मी तसंच करतो.

आता संपादकांचा एक आक्षेप उरतो, आणि तो खरा वजनदार आहे. शोधातून आम्हाला वाचकच मिळणार नसेल तर आम्ही लेख का घ्यावा? पोर्टलचे सगळे वाचक काही शोधातून येत नाहीत. मुखपृष्ठावरून, ॲपवरून, रविवारच्या पुरवणीतून, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंकमधून जे येतात, त्यांना तपासून, घासूनपुसून लिहिलेला लेख आयता मिळतो. पुनर्प्रसिद्धीसाठी बहुतेक ठिकाणी एक पैसाही दिला जात नाही, हे आपण सगळे जाणतो. फुकट मिळालेल्या लेखातून एवढं मिळणं कमी नाही. त्याउपर शोधातला वाचकही हवा असेल, तर त्यांनी त्या विषयावर नवा लेख मागावा आणि त्याचं मानधन द्यावं.