अटॅचमेंट उघडत नाही? घाबरू नका!

काही वर्षांपूर्वी शेजारची एक मुलगी रडवेली होऊन आमच्याकडे आली. नोकरीच्या मुलाखतीचे पत्र ईमेलने आलेले, मुलाखत उद्यावर आणि फाईल उघडेना!

आम्ही मेलमधील फाईलचे नाव पाहिले. टिंबापुढे 'डॉकएक्स' होते. घरच्या जुन्या संगणकावर वर्ड २००३. हा प्रकार तर वर्ड २००७ पासूनचा. म्हणून ते अडले. आम्ही तिलाच कार्यालयात फोन करायला लावून पत्र पीडीएफमध्ये मागवले. पाच मिनिटांत उघडले.

वाचकहो, टिंबापुढची अक्षरे आधी वाचा. 'झिप' असेल तर ती गाठोड्यासारखी आधी सोडावी लागते. उतरवलेली फाईल मेलमधल्यापेक्षा बरीच लहान दिसली तर ती अर्धवट आली आहे, पुन्हा उतरवा. पासवर्ड मागितला तर तो बहुधा मेलमध्येच सांगितलेला असतो. पण अनोळखी मेलमधील 'ईएक्सई' फाईल मुळीच उघडू नका. तिच्यातून व्हायरस शिरतो.

तरीही अडले तर पाठवणाऱ्याला विचारा. "दुसऱ्या प्रकारात पाठवा" म्हणण्यात कसला कमीपणा? न विचारता गप्प बसलो, तर मुलाखत मात्र हातची जाते.