लोकप्रियता आणि योग्यता

राज्यकारभाराचा उंबरठाही न ओलांडलेल्या लोकप्रिय पुरुषाने राष्ट्राध्यक्षपदाची इच्छा धरावी काय? हा प्रश्न ऐकून पुष्कळ विचारी माणसे हसतात. मला ते हसणे उतावीळपणाचे वाटते.

पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया देशाचे जॉर्ज विया पाहा. गरीब वस्तीत वाढलेले हे फुटबॉलपटू १९९५ साली जगातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. यादवी युद्धाने होरपळलेल्या त्यांच्या देशबांधवांनी २००५ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत, पहिल्या फेरीत, सर्वाधिक मते त्यांनाच दिली. अंतिम फेरीत मात्र अर्थशास्त्रज्ञ एलेन जॉन्सन सरलीफ विजयी झाल्या. वियांचे शिक्षण अपुरे आहे, ही टीका तेव्हा फार झाली, आणि ती अनाठायी नव्हती.

परंतु पुढे त्यांनी काय केले? राहिलेले शालेय शिक्षण पुरे केले, पदवी मिळविली. चाळिशीच्या घरात पुन्हा पाटी हाती घेणाऱ्या माणसाविषयी माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाला ममत्व वाटावे, हे स्वाभाविकच. २०१४ साली ते सिनेटवर निवडून आले. २०१७ साली राष्ट्राध्यक्षपदी. त्यांचा कारभार निर्दोष नव्हता. महागाई व लाचलुचपत यांमुळे लोक रुष्ट झाले. २०२३ साली थोडक्या मतांनी पराभव दिसू लागताच, अंतिम निकालाची वाट न पाहता, त्यांनी प्रतिस्पर्धी जोसेफ बोआकाई यांचे अभिनंदन केले.