'आय.ई.', 'ई.जी.' आणि लॅटिनची हौस

आमच्या आयटीवाल्यांना एक खोड आहे. साधी दोन ओळींची रिक्वायरमेंट लिहायची असली तरी मध्ये एखादं 'आय.ई.' किंवा 'ई.जी.' घुसडल्याशिवाय डॉक्युमेंट प्रोफेशनल वाटतच नाही. बरं, वापरता तर वापरा, पण निदान फरक तरी माहीत करून घ्या!

'आय.ई.' म्हणजे लॅटिन 'इद एस्त', अर्थात 'म्हणजेच'. 'ई.जी.' म्हणजे 'एक्झेम्पली ग्राशिया', उदाहरणार्थ. पहिल्यानंतर येते ती पूर्ण यादी, दुसऱ्यानंतर नुसता नमुना.

एका प्रोजेक्टच्या स्पेकमध्ये होतं, 'युजरला इमेज अपलोड करता यावी, आय.ई. जेपीजी, पीएनजी.' डेव्हलपरने इमानेइतबारे दोनच फॉरमॅट घेतले, बाकी सगळे रिजेक्ट. टेस्टरने जीआयएफ टाकून बघितली आणि बग ठोकला. मग मेलामेली, कॉलवर कॉल. शेवटी बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणतो, "अरे, मी नुसती उदाहरणं दिली होती रे!" मग तसं लिही ना बाबा! शनिवार डेव्हलपरचा गेला, याचा नाही.

'एटसेट्रा' तर त्याहून डेंजर. रिक्वायरमेंटमध्ये 'इत्यादी' म्हणजे क्लायंटला दिलेला कोरा चेक. (आणि 'अँड एटसेट्रा' म्हणणाऱ्यांनो, त्यातल्या 'एत'चा अर्थच 'आणि' असा आहे.)

यावर ठरलेलं उत्तर, "स्टँडर्ड आहे ते." कुठलं स्टँडर्ड? गूगल आणि मायक्रोसॉफ्ट, दोघांच्याही स्टाइल गाइड सांगतात की 'आय.ई.', 'ई.जी.' टाळा, सरळ इंग्रजी शब्द लिहा. ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटने २०१६ सालीच यांना निरोप द्यायचं ठरवलं. एक कारण असं, की दृष्टिहीनांना पान वाचून दाखवणारी काही सॉफ्टवेअर्स बिनटिंबांच्या 'ईजी'चा उच्चार चक्क 'एग' करत. अंडं! आणि इंटरनेटची प्रोटोकॉल्स लिहिणाऱ्यांनी काय केलं? १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये 'मस्ट', 'शुड', 'मे' अशा रोजच्या शब्दांचेच अर्थ पक्के बांधून टाकले. लॅटिनवाचून कुणाचं काही अडलं नाही.

गंमत म्हणजे चहाच्या टपरीवर हाच अ‍ॅनालिस्ट 'म्हणजे' आणि 'उदाहरणार्थ' अगदी बिनचूक वापरतो. कीबोर्ड हाती आला की साहेब रोमन होतात.

असो. सोमवारपासून रिव्ह्यूला येणाऱ्या प्रत्येक 'आय.ई.'वर माझी एकच कमेंट असणार आहे: 'यादी संपली का?' उत्तर आल्याशिवाय अप्रूव्हल नाही.