ऑइलच्या डब्यावर आणि फिल्टरच्या खोक्यावर काय छापावे
केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागास खुले पत्र

मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली



हे पत्र इंजिन ऑइल आणि फिल्टर यांच्याबद्दल आहे. गाडी असलेला जवळजवळ प्रत्येक माणूस वर्षातून एकदा तरी या दोन वस्तूंवर पैसे घालतो, पण आपण नेमके काय घेतले हे त्याला कळत नाही. भारतीय मानक ब्युरो आपल्या अखत्यारीत आहे. वेष्टनावर काय छापावे याचे वैधमापनाचे नियमही आपणच करता. डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टु रिपेअर'चे पोर्टल आपल्याच विभागाने सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्राचा समावेश केला. म्हणून हे आपल्यालाच लिहितो आहे.

सांगली जिल्ह्यात माझे गॅरेज आहे. कार, पिकअप, दुचाकी आणि हंगामात ट्रॅक्टर, असे सगळे इथे येते. अलीकडे गिऱ्हाईक विचारते, "सिंथेटिक टाकलं तर पंधरा हजार किलोमीटर बघायला नको ना?" प्रश्न रास्त आहे. ऑइल बदलण्याचा काळ लांबला तर गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात आणि जळके ऑइलही कमी निघते. माझा या ऑइलला विरोध नाही, उलट टर्बोच्या गाडीला मी दुसरे काही सुचवतच नाही. टर्बोच्या शाफ्टजवळच्या उष्णतेत साधे ऑइल लवकर जळून चिकट होते. चांगले सिंथेटिक तिथे टिकते, कमी उडते, आणि हिवाळ्यातल्या पहाटे पहिल्या स्टार्टला लवकर वरपर्यंत पोहोचते. पण 'पंधरा हजार चालेल' असे म्हणण्याआधी ऑइल कशापासून बनले आहे, फिल्टर कसला आहे आणि गाडी कशी चालते, हे तिन्ही माहीत असावे लागते. पहिल्या दोन गोष्टी बनवणाऱ्याला पक्क्या ठाऊक असतात, तरीही डब्यावर त्या सापडत नाहीत.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने मूळ तेलांचे पाच गट केले आहेत. पहिले तीन गट कच्च्या तेलापासून शुद्ध केलेल्या तेलांचे. चौथा गट रासायनिक प्रक्रियेने जुळवलेल्या पीएओचा (पॉलिअल्फाओलेफिनचा), आणि पाचव्यात एस्टर व इतर तेले. 1999 मध्ये मोबिल आणि कॅस्ट्रॉल या कंपन्यांमधला 'सिंथेटिक' या शब्दावरचा वाद अमेरिकेतल्या नॅशनल अॅडव्हर्टायझिंग डिव्हिजनपुढे गेला. तिथे कॅस्ट्रॉलची बाजू ग्राह्य धरली गेली, आणि तिसऱ्या गटातल्या तेलालाही सिंथेटिक म्हणून विकण्याचा रस्ता मोकळा झाला. आजचे तिसऱ्या गटातले तेल चांगले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'फुल्ली सिंथेटिक'च्या डब्यात कोणत्या गटाचे तेल आहे आणि 'सेमी'मध्ये सिंथेटिक भाग किती, हे गिऱ्हाइकाला कळायला नको का? दोन खाद्यतेले मिसळून विकली तर प्रमाण छापावे लागते. हजार-दोन हजारांच्या ऑइललाही तोच न्याय लावावा.

तरी ऑइलवर निदान 'एसपी', 'सी3' असे दर्जे लिहिलेले असतात, आणि जाणकाराला त्यावरून पुष्कळ समजते. फिल्टरच्या खोक्यावर गाडीच्या मॉडेलचे नाव आणि किंमत यापलीकडे उपयोगाचे काही मिळत नाही. माझा आग्रह मुख्यतः याच बाबतीत आहे.

ऑइल लांब पल्ला चालेल की नाही, हे खरे तर फिल्टर ठरवतो. मूळ तेल कितीही उत्तम असले तरी धूळ, धातूचा कीस आणि काजळी अडवण्याचे काम त्याचे नाही. बेअरिंगमध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो त्याच्याच जाडीचे, म्हणजे पाच ते वीस मायक्रॉनचे कण इंजिन झिजवतात. गॅरेजमध्ये बदललेले फिल्टर आम्ही पत्रा कापून उघडतो आणि घडी उलगडून उन्हात बघतो. वेळेवर बदललेल्या बऱ्या फिल्टरचा कागद काळा असतो, पण घड्या सरळ आणि सारख्या अंतरावर असतात. स्वस्त फिल्टर महाग ऑइलबरोबर दुप्पट काळ चालवला असेल, तर घड्या एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतात, टोकाचा गोंद सुटलेला असतो, आणि कागद बोटाने दाबला की बिस्किटासारखा तुटतो. उष्णता आणि पाण्याचा अंश यांनी साध्या सेल्युलोजच्या कागदाची ही गत होते. फिल्टर चोंदला की आतला बायपास व्हॉल्व्ह उघडतो. इंजिन कोरडे पडू नये म्हणून ती सोय असते, पण त्या क्षणापासून तेल न गाळताच फिरू लागते. मीटरवर कुठलाही दिवा लागत नाही.

काचतंतूंचे किंवा कृत्रिम तंतूंचे फिल्टर मिळतात. ते बारीक कण अडवतात, जास्त घाण पोटात घेतात आणि दीर्घकाळ टिकतात. आत रबराची एक चकती असते. इंजिन बंद झाल्यावर तेल खाली उतरू नये, हे तिचे काम. ती काळ्या नायट्राइलची असली तर उष्णतेने कडक होते. सिलिकॉनची मऊ राहते. ती कडक झाली की सकाळी स्टार्ट करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू येते, आणि गिऱ्हाईक दोष ऑइलला देते. बायपासचा दाबही प्रत्येक इंजिनाला वेगळा लागतो. आटा जुळला म्हणून बसवलेला फिल्टर बरोबर असेलच असे नाही. मोजमापाची सोय नाही असेही नाही. फिल्टर किती मायक्रॉनचे किती टक्के कण अडवतो आणि एकूण किती ग्रॅम घाण धरतो, हे तपासण्याची पद्धत आयएसओ 4548-12 या आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहे. हे आकडे, बायपासचा दाब, आतल्या माध्यमाचा आणि चकतीचा प्रकार, आणि फिल्टर किती काळासाठी बनवला आहे, एवढे खोक्यावर छापणे सक्तीचे करावे. शंभर-दीडशेच्या वस्तूवर हे छापायला शाईशिवाय खर्च नाही.

आता किलोमीटरचे. ट्रॅक्टरवाला शेतकरी आम्हाला कधीच किलोमीटर सांगत नाही. त्याच्याकडे तासांचा मीटर असतो आणि साधारण अडीचशे तास भरले की तो ऑइल बदलायला येतो. कारचा हिशेब मात्र किलोमीटरवर आणि महिन्यांवर चालतो. पुण्यात ताशी सरासरी वीसने चालणारी कार दहा हजार किलोमीटरला पाचशे तास इंजिन चालवते. महामार्गावर साठच्या सरासरीने तेच अंतर सुमारे एकशे सदुसष्ट तासांत कापले जाते. किलोमीटर तेच, पण ऑइलचे कष्ट तिप्पट. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत 'खडतर वापर' असा बारीक अक्षरातला तक्ता बऱ्याचदा असतो. धुळीचे रस्ते, सिग्नलचा ट्रॅफिक, तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या, भर उन्हाळा. आपल्याकडचा हा रोजचाच वापर आहे. पावसाळ्यात अशा छोट्या फेऱ्यांच्या गाडीचे झाकण उघडले की आतून मलईसारखा पांढरट थर दिसतो. इंजिन पुरते तापतच नाही, त्यामुळे वाफ आतच जिरते. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते, आणि तेवढ्याच ऊर्जेसाठी इथेनॉल जाळले तर पाण्याची वाफ जास्त निघते. अशा गाडीला उत्तम सिंथेटिकही वर्षाच्या पुढे नेऊ नये, मग किलोमीटर चारच हजार झालेले असोत.

इंजिन किती तास चालले हे आजच्या गाड्यांच्या संगणकाला कळते. तो आकडा मालकाला मीटरवर दिसावा, आणि पुस्तिकेत किलोमीटर व महिने यांच्याबरोबर तासही असावेत.

दुचाकीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे एक लिटरच्या आसपासचे ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना पुरवायचे असते. गिअरचे दात तेलातले घट्टपणा राखणारे घटक चिरडतात, म्हणून ते लवकर पातळ होते. शिवाय 100 सीसीच्या कित्येक गाड्यांत कागदाचा फिल्टर नसतोच, फक्त जाळी आणि फिरणारी वाटी असते. त्या गाडीच्या मालकाला 'लांब चालेल' म्हणून महाग ऑइल विकणे म्हणजे त्याची सरळ दिशाभूल आहे. तिथे जॅसो एमए2 असा क्लचसाठीचा दर्जा बघावा आणि ऑइल वेळेवर बदलावे. डब्यावरचा दावा कोणत्या प्रकारच्या गाडीसाठी आहे, हे मोठ्या अक्षरात यावे.

एअर फिल्टरबद्दल थोडक्यात. इंजिनात जाणारी वाळू बहुतेक याच वाटेने जाते. कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने कागद झाडण्याची सवय आमच्या धंद्यात सर्रास आहे आणि ती थांबायला हवी. त्याने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात.

सगळ्यात नाजूक मुद्दा वॉरंटीचा. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असे त्यात म्हटले होते. पुढे अपिले झाली. गिऱ्हाईक मात्र अजून घाबरते. दर्जा जुळणारे ऑइल आणि फिल्टर बाहेरून बसवले, बिल जपून ठेवले, तर त्या कारणाने वॉरंटी जाणार नाही, आणि बिघाड त्या ऑइलनेच झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची राहील, एवढे दोन ओळींचे वाक्य प्रत्येक वॉरंटी कार्डावर हवे.

लांब पल्ला कुणाला खरोखर परवडतो हे पाहायचे असेल, तर वापरलेल्या ऑइलची तपासणी करावी. लोह, सिलिकॉन, तांबे किती, पेट्रोल किती मिसळले, घट्टपणा आणि अल्कधर्मी ताकद किती उरली. ही तपासणी आज मोठे ताफे आणि खाणीतली यंत्रे करून घेतात. कारवाल्याला, पिकअपवाल्याला ती मिळत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांनी एकेक नमुना माफक शुल्कात घ्यावा, अशी व्यवस्था जिल्ह्याच्या ठिकाणी उभी करता येईल. भाजी वाहणाऱ्या पिकअपला आठ हजार योग्य की बारा, हे मग अंदाजाने ठरणार नाही.

या सगळ्यासाठी नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही. इंजिन ऑइलचे मानक ब्युरोकडे आहे. त्यात भर घालता येईल, आणि फिल्टरच्या छपाईचा मसुदा काढता येईल. समितीत कंपन्यांचे तज्ज्ञ असतात, तसे स्वतंत्र गॅरेज चालवणारेही घ्यावेत. मसुदा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा तो मराठीतही द्यावा. मिरज, कराड, इचलकरंजीतले मिस्त्री त्यावर कलमवार लिहून पाठवतील.

आपला,
एक गॅरेजचालक
जिल्हा सांगली